नियम ३६ ची दवंडी

माझ्यासारख्या दिवाणी न्यायालयातील बेलिफाला लोक दोनच कामांनी ओळखतात: समन्स बजावणे आणि सामान बाहेर काढणे. कब्जे वॉरंटाचे, म्हणजे मिळकतीचा ताबा देण्याच्या कोर्टाच्या आदेशाचे, दोन प्रकार असतात, हे पक्षकारांचे सोडाच, काही वकिलांनाही दारात उभे राहिल्यावर आठवते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१ मधील नियम ३५ प्रमाणे, ज्याच्यावर हुकूमनामा (दाव्याचा अंतिम निकाल) बंधनकारक आहे तो हटत नसेल तर त्याला काढून, वेळ पडल्यास कुलूप तोडून, प्रत्यक्ष ताबा देता येतो. मिळकतीत कायदेशीर भाडेकरू असेल आणि हुकूमनामा त्याला बांधत नसेल, तर नियम ३६ लागतो. तेथे भाडेकरूला हात लावायचा नसतो; वॉरंटाची प्रत ठळक जागी चिकटवायची, दवंडी देऊन हुकूमनाम्याचा सारांश जाहीर करायचा आणि सांकेतिक ताबा दिल्याचा अहवाल पंचांच्या सह्यांनिशी नाजरांकडे, म्हणजे बेलिफांवरच्या कोर्टातील अधिकाऱ्यांकडे, द्यायचा.

सांगलीच्या गावभागातील ती मिळकत भावाभावांच्या वाटपाच्या दाव्यातली होती. रस्त्याकडचा गाळा थोरल्यांच्या वाट्याला आला होता. त्यात एक वयस्क टेलर कित्येक वर्षे भाड्याने बसत होते आणि भाडे धाकटे घेत होते. वॉरंटावर नियम ३६ स्पष्ट लिहिलेला असूनही थोरले नवे कुलूप आणि दोन हमाल घेऊन आले. "साहेब, इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्या कागद चिकटवायला का?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या वकिलांनी त्यांना काही समजावले नव्हते आणि ते काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात आले.

कागद चिकटवणे हे बाहेरच्यांना क्षुल्लक वाटते. २०१९ च्या पुराचे पाणी जिथवर चढले होते, त्या रेषेखालचा चुना अजून भुरभुरतो, आणि खळ लावलेला कागद पापुद्र्यासकट हातात येतो. दोनदा तसे झाल्यावर मी तो दाराच्या चौकटीवर, डोळ्यांच्या उंचीला लावला आणि चारही कडा अंगठ्याने दाबल्या. अहवालात ही जागा नेमकी लिहावी लागते, कारण उद्या कोणी 'बेलिफ आलाच नाही' असे शपथेवर सांगितले, तर उलटतपासणीला मला उभे राहावे लागते.

या कडा दाबण्यात मी गुंतलो असताना हलगी सुरू झाली. गल्लीत हलगी आणि कोर्टाचा माणूस एकत्र दिसले, की लोकांच्या लेखी ती जप्तीच असते. मी वळून पाहिले तेव्हा टेलरकाकांनी मशीनचा पट्टा उतरवला होता आणि अर्धवट शिवलेले कपडे चादरीत बांधायला घेतले होते.

"काका, तुम्हाला कोणी उठवत नाही. आता मालक हे आहेत, एवढंच," मी म्हणालो.

"मग हलगी कशाला, साहेब?"

कायद्यात दवंडी किंवा रूढ असलेली अन्य रीत सांगितली आहे, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तारेत ओवलेल्या भाडेपावत्यांचा गठ्ठा पुढे केला. पुरात भिजलेल्या पावत्यांवरची शाई पसरून निळे डाग उरले होते. "ह्या चालतील का?" त्यांनी विचारले. ते भाडेकरू आहेत हे थोरल्यांनी दरखास्तीतच, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जातच, मान्य केले होते, म्हणून तर नियम ३६ चे वॉरंट निघाले होते. मी तसे सांगितले, पण त्यांचे हात गाठ मारायचे थांबले नाहीत.

हलगीवाल्याला इशारा करण्यापूर्वी मी दोन मिनिटे आत जाऊन बोललो असतो, तर कार्यपद्धतीत काहीही बिघडले नसते. थोरल्यांची समजूत काढण्यात अर्धा तास घालवला आणि ज्यांचा ताबा शाबूत ठेवायला मी गेलो होतो, त्यांच्याशी शेवटी बोललो.

अहवालात मी 'भाडेकरूच्या ताब्यास बाधा न आणता सांकेतिक ताबा दिला' असे लिहिले. पुढच्या आठवड्यात दुसरे समन्स घेऊन त्याच गल्लीत गेलो, तेव्हा गाळ्याला काकांचे जुने कुलूप होते. मशीन हातगाडीवर घालून ते मुलाकडे गेल्याचे शेजारच्या दुकानदाराने सांगितले. ते परत येणार का, हे त्यालाही माहीत नव्हते. चौकटीवरचा कागद मात्र एकाही कडेने सुटला नव्हता.