सिल्व्हर शॅडो घ्यावी, पण कोणती?

इंग्लंडमध्ये जुन्या रोल्स-रॉइसच्या जाहिराती चाळताना किमती पाहून प्रथम विश्वासच बसत नाही. 1965 ते 1980 या काळात इंग्लंडमधील क्रू या गावच्या कारखान्यात तयार झालेली सिल्व्हर शॅडो आज एखाद्या नव्या छोट्या गाडीपेक्षाही कमी पैशांत मिळू शकते. ही गाडी मला मनापासून हवी आहे. म्हणूनच तिचा हिशेब आधी मांडून पाहणे मला आवश्यक वाटते.

सध्या दोन गाड्या माझ्या विचारात आहेत आणि दोन्ही 6,750 सीसीच्या व्ही-8 इंजिनाच्या आहेत. पहिलीची किंमत 9,000 पौंड असून तिचा रंग चकचकीत आहे, आसनांचे कातडेही नुकतेच रंगवलेले आहे, पण दुरुस्तीच्या कागदपत्रांच्या नावाने मात्र ठणठणाट. दुसरीसाठी 18,500 पौंड मागितले आहेत. तिच्या आसनांना भेगा गेल्या आहेत, परंतु मालकाने बिलांची जाडजूड फाइल जपून ठेवली आहे.

या गाडीचा खरा खर्च दडलेला असतो तो हायड्रॉलिक यंत्रणेत. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीकडून परवाना घेऊन वापरलेल्या या तंत्रात इंजिनावर चालणारे दोन पंप द्रवाचा दाब निर्माण करतात, तो दाब नायट्रोजन भरलेल्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाब साठवणाऱ्या गोळ्यांत, साठतो आणि त्यावरच ब्रेक व मागच्या बाजूची उंची सांभाळणारी योजना चालते. यात आरआर 363 हाच द्रव घालावा लागतो, कारण साध्या ब्रेक ऑइलमध्ये पंपांना लागणारे वंगण नसते, आणि पुढच्या काळातील मॉडेलांचे खनिज तेल चुकून घातले तर सगळी रबरी सीले निकामी होतात. तपासणी मात्र सोपी आहे. इंजिन चालू करून डॅशबोर्डवरील ब्रेकच्या दाबाचे दोन्ही दिवे विझू द्यायचे, मग इंजिन बंद करून इग्निशन चालू ठेवायचे आणि पुन्हा दिवा लागेपर्यंत ब्रेक दाबत राहायचे. पहिल्या गाडीत थोड्याच दाबांत दिवा लागला, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब टिकत नाही. दुसरीत मी बराच वेळ ब्रेक दाबत राहिलो तरी दिवा लागला नाही.

गंजाची तपासणीही विचारपूर्वक करावी लागते. दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे तेथे लोहचुंबक चिकटतच नाही. चुंबक फिरवायचा तो दारांखालच्या पट्ट्यांवर आणि मागच्या चाकांच्या कमानींवर. पहिल्या गाडीच्या मागच्या कमानीवर हातभर अंतरात चुंबकाने कुठेच पकड घेतली नाही. वर नवा रंग आणि आत पुट्टी, असा तो प्रकार होता.

माहितगार मेकॅनिकने पहिल्या गाडीच्या हायड्रॉलिक कामाला सुमारे 5,000 पौंड आणि पत्रा व रंगकामाला 6,000 पौंड सांगितले. त्यावर 20 टक्के व्हॅट, म्हणजे आणखी 2,200. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच: 9,000 ची गाडी 22,200 वर जाते, आणि पत्रा उघडल्यावर आत काय निघेल हे तेव्हाही सांगता येत नाही.

बाकीचे खर्च मला फारसे घाबरवत नाहीत. चाळीस वर्षे उलटलेल्या गाडीला येथे रस्ता कर माफ होतो आणि एमओटी या गाडीच्या सुरक्षिततेच्या वार्षिक तपासणीची सक्ती नसते, तरी दोन टनांहून जड गाडीची तपासणी मी दरवर्षी स्वेच्छेने करून घेणार आहे. एका लिटरमध्ये ती जेमतेम चार-पाच किलोमीटर जाते आणि जुन्या रबरी नळ्यांना जपण्यासाठी कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल भरणे बरे. पण ती रोज चालवायची नसल्यामुळे हा भार झेपेल.

दुसऱ्या गाडीच्या फाइलमध्ये पंप, अ‍ॅक्युम्युलेटर आणि कूलंटची बिले आहेत. इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे कूलंट वेळेवर बदललेले असणे फार महत्त्वाचे असते. ब्रेकच्या लवचीक नळ्या बदलल्याची नोंद मात्र तीत कुठेच नाही, आणि हे काम वेळखाऊ असल्याने मजुरीही बरीच लागते. त्यामुळे मी मालकांना 17,000 पौंड देऊ केले आहेत आणि त्या नळ्या आपल्या खर्चाने बदलून दिल्यास त्यांनी मागितलेली पूर्ण रक्कम देण्याची तयारीही कळवली आहे.