आमची वाटचाल : मनोरीची वाडी आणि हिरव्या ठिपक्याच्या राण्या

मालाडच्या दोन खोल्यांतून 2011 साली आम्ही सातेरीच्या, म्हणजे देशी पाळीव मधमाशीच्या, पेट्यांचा धंदा सुरू केला. जवळ पाच वसाहती (एक राणी आणि तिच्या माश्या म्हणजे एक वसाहत) होत्या, माश्यांना धूर द्यायचं एक धुराडं होतं आणि महाबळेश्वरच्या मध संचालनालयात घेतलेलं प्रशिक्षण होतं. पेट्या मनोरीच्या एका वाडीत ठेवल्या. नारळ, शेवगा, करंज, जांभूळ, सगळं हाताशी. पेट्यांची दारं बंद करून, गोणपाटात बांधून, मार्वेहून पहाटेच्या पहिल्या फेरीबोटीने खाडीपलीकडे न्यायच्या. ऊन चढायच्या आत पेटी घोडीवर, म्हणजे तिच्या स्टँडवर, बसलीच पाहिजे, नाहीतर आतलं पोळं मऊ होऊन गळतं.

भागीदार होता. त्याचं नाव लिहीत नाही. माश्यांवर त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता, हे मी आजही मान्य करतो. पहिली सहा वर्षं मध निघाला, विकला गेला, पेट्या वाढल्या. 2017 मध्ये तो वेगळा झाला आणि आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर त्याने स्वतःच्या पेट्या मांडल्या. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

तक्रार 2020 ची आहे.

सातेरी पाळणाऱ्याला माघ-फाल्गुन म्हणजे काय ते सांगायला नको. पराग भरपूर, पिलावा (पोळ्यातली अंडी-अळ्या) वाढलेला, पेटीत दाटी. राणीचा गंध गर्दीत विरळ झाला की कामकरी माश्या राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, बांधायला घेतात. पहिल्या राणीघराचं तोंड बंद झालं की जुनी राणी अर्धी वसाहत घेऊन उडते. यालाच पेटी फुटणं म्हणतात, आणि उडालेल्या माश्यांना थवा. आमच्याकडे 38 पेट्या होत्या. 15 मार्चच्या रविवारी मी फेरी केली तेव्हा नरघरांच्या टोप्यांना मधोमध भोक दिसत होतं. सातेरीची ही खूण डोळ्यांत भरते. पोळ्यांच्या खालच्या कडेला राणीघरांच्या वाट्या लागल्या होत्या आणि काहींत अंडी होती. राणीघरात अंडं पडल्यापासून तोंड बंद व्हायला साधारण आठ दिवस लागतात, म्हणून आमची फेरी सात दिवसांची. पुढच्या रविवारी विभाजन, म्हणजे एका वसाहतीच्या दोन, करायचं ठरवलं, नव्या पेट्याही तयार होत्या.

पुढचा रविवार 22 मार्च, जनता कर्फ्यूचा. त्यानंतर लोकल बंद, फेरीबोट बंद. 25 ला गुढीपाडवा आणि टाळेबंदी एकाच दिवशी. मी मालाडच्या खिडकीत बसून पेट्या मोजत होतो.

वाडीच्या मावशींचा फोन रोज यायचा. "आज दोन थवे जांभळावर बसले होते, दुपारी गेले." मी घाबरलो आणि चूक केली. त्यांच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवून मिळेल त्या पेटीतली सगळी राणीघरं कापायला लावली. त्यातल्या चार पेट्यांतून जुनी राणी आधीच गेली होती. मागे राणी नाही, राणीघर नाही आणि नवी राणी करायला अंडंही नाही. मे महिन्यात मी पोहोचलो तेव्हा त्या पेट्यांत कामकरी माश्याच अंडी घालत होत्या, एकेका घरात तीन-तीन, भिंतीला चिकटलेली. अशा अंड्यांतून फक्त नर निघतात. बाकीच्या पेट्यांतून पहिल्या थव्यामागून दुसरा, तिसरा थवा गेला होता, आणि रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरला होता. 38 पैकी नऊ पेट्या जिवंत राहिल्या.

थवे गेले कुठे? माझ्या जुन्या भागीदाराने आमच्या बाजूला तोंड करून, आत जुनं पोळं चोळून बारा रिकाम्या पेट्या टांगल्या होत्या. तो त्याच किनाऱ्यावर राहत होता, त्याला फेरीबोटीची गरज नव्हती. पावसाळ्यानंतर त्याने वसईच्या एका बागायतदाराला वसाहती विकल्या. तो बागायतदार आमचाही गिऱ्हाईक. एक पेटी दाखवायला त्याने मला बोलावलं. चौकट उचलली आणि राणीच्या पाठीवर हिरवा ठिपका दिसला. 2019 च्या राण्यांना हिरवा रंग लावायचा हा नियम जगभरचा आहे. आमच्या वाडीत तो मी स्वतः, बारीक काडीने, एकेका राणीला लावला होता. त्याच्या पेट्यांत रंग लावायची पद्धतच नव्हती. विचारल्यावर तो म्हणाला, "उडालेली माशी ज्याच्या पेटीत बसली त्याची." त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. मला त्याचं म्हणणं आजही पटलेलं नाही, कारण माझ्या पेट्या कधी फुटणार हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

धंदा तेव्हाच बंद पडला असता. गिरगावातले एक वैद्यबुवा पहिल्या वर्षापासून आमच्याकडून दरसाल वीस किलो जांभळाचा मध घेतात. चाखून, दिव्यासमोर धरून, मगच पैसे देतात. कधी भाव पाडला नाही, कधी उधार ठेवलं नाही. त्या वर्षी द्यायला मध नव्हता, हे सांगायला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पुढच्या वर्षाच्या वीस किलोचे पैसे हातात ठेवले आणि म्हणाले, "आधी पेट्या कर." त्या पैशांतून मालाडच्या सुतारमामांकडून नवीन पेट्या आल्या.

आता जे करतो ते लिहून ठेवतो, नव्याने पेटी घेणाऱ्यांनी वाचावं. मधकोठी (मध साठवायचा पेटीचा वरचा मजला) गर्दी होण्याआधी चढवा, झाल्यावर नाही. राणी वर्षाला बदला, तरुण राणीची वसाहत कमी फुटते. विभाजनाआधी नर उडताना दिसलेच पाहिजेत, नाहीतर नव्या राणीचं मीलन कोणाशी होणार? जुनी राणी दोन-तीन चौकटींसह नव्या पेटीत घालून ती पेटी वाडीबाहेर दोन किलोमीटर लांब न्या. मागे एक किंवा दोन चांगली राणीघरं ठेवा, बाकीची काढा. राणीद्वारावर, म्हणजे राणीला बाहेर पडू न देणाऱ्या दारातल्या जाळीवर, विसंबू नका. राणी थांबते, पण नर त्यात अडकून मरतात आणि दार तुंबतं. आणि अंडी किंवा जुनी राणी डोळ्यांनी दिसल्याशिवाय सगळी राणीघरं कापू नका. तरीही थवा निघालाच तर तो फांदीवर काही तास थांबतो. मलमलची पिशवी वेळूच्या टोकाला बांधून खालून अलगद वर न्या आणि फांदीला एकच झटका द्या. नव्या पेटीत उघड्या पिलाव्याची एक चौकट आधीच ठेवा. अळ्या सोडून माश्या सहसा जात नाहीत.

यंदा महाशिवरात्रीपासून पाडव्यापर्यंत मी एकही रविवार चुकवला नाही. 64 पेट्यांपैकी तीन फुटल्या. दोन थवे आम्ही उतरवले. तिसरा खाडीकडे गेला. मावशींच्या मुलाने तो जाताना पाहिला, पण कुठे बसला ते कळलं नाही.