बोर्डाला की हातात?

मी रावेरकडचा, घरी केळीबाग, आणि नोकरी बोटीवर सेकंड मेटची. इक्वाडोरला माल भरायला चाललोय म्हटल्यावर आईने फोनवर विचारलं, तिकडे काय भरणार? म्हटलं केळी. तर म्हणे, एवढं लांब जाऊन पण केळीच का रे!

एल ओरो प्रांत, पुएर्तो बोलिव्हार बंदर. शेजारचं माचाला शहर स्वतःला जगाची केळीची राजधानी म्हणवतं. खाडीत शिरताना एका बाजूला हांबेली बेट, खारफुटी, जिथे ती तोडली तिथे कोळंबीची तळी, आत सपाटीवर नुसती केळी आणि पार मागे डोंगर. एल ओरो म्हणजे सोनं, त्या डोंगरात सारुमाला खरंच खाणी आहेत, गावाखालीच बेकायदा पोखरल्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये तिथली घरं खड्ड्यात गेली. पण बंदरात सोनं म्हणजे हिरवी केळी, एका पेटीत साधारण १८ किलो.

माझी रात्रीची ड्युटी. केळात थर्मामीटर खुपसून टेंपरेचर लिहायचं, होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या माल भरायच्या कप्प्यात, ते साधारण १३.३ डिग्रीवर आणायचं, त्याखाली गेलं की साल काळपटते. पेट्या रचलेल्या एका पॅलेटला वास आला. घरी लहानपणापासून नाकात बसलेला वास, चुकणं शक्यच नाही. पेटी उघडायला लावली, तर एक अख्खी फणी पिवळी! पिकलेल्या केळातून इथिलीन वायू सुटतो, युरोपला पोचेपर्यंत त्याने अख्खा होल्ड पिकवला असता. माल तपासणारा सर्व्हेयर आला, पॅलेट परत.

ट्रकवाला बिचारा कपाळाला हात लावून बसला. त्याची स्वतःची पण थोडी बाग होती. मी फोनवर आमच्या बागेचा फोटो दाखवला, तो झूम करून घडच मोजायला लागला, मग फोरमनला दुभाषा म्हणून मध्ये घालून गप्पा. म्हणाला, सरकार दरवर्षी पेटीचा किमान भाव जाहीर करतं, पण माल जास्त झाला की व्यापारी त्याच्या खालीच मागतो, आणि केळी काय थांबतात का? त्या पिवळ्या फणीतलं एक त्याने मला दिलं, एक स्वतः खाल्लं. चव तीच, आमच्यासारखी ग्रँड नैन जातच ती.

आमच्याकडे पण बाजार समितीच्या बोर्डावर लागलेला भाव एक आणि हातात पडणारा वेगळा. ड्युटी संपल्यावर बाबांना फोन लावला, केळीला भाव काय चाललाय?

बाबा म्हणाले, "बोर्डाला की हातात?"