डावं-उजवं

सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी माझा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर जातो. लहानपणी उठल्या उठल्या दोन्ही तळहात बघून कराग्रे वसते लक्ष्मी म्हणायला लावायचे, आता मी तळहाताच्या जरा खाली बघते एवढाच फरक. मनगटाच्या वर दोन-तीन बोटं, अंगठ्याच्या बाजूला, कातडीखाली काहीतरी सारखं थरथरत असतं. शेजारी पिठाची गिरणी चालू असली की आपल्या भिंतीला हात लावल्यावर कसं जाणवतं, तसं. ते लागलं की मग देव, मग चहा, आणि चहासुद्धा मोजून अर्धा कप. डॉक्टर त्याला थ्रिल म्हणतात. लोक आयुष्यात थ्रिल पाहिजे म्हणून कुठे कुठे डोंगरावर जातात, माझं रोज सकाळी अंथरुणातच होतं.

तर हा माझा फिस्टुला, म्हणजे किडन्या काम करेनाशा झाल्यावर डायलिसिससाठी, मशीनवर रक्त धुवून घ्यायला, हातात करून घेतलेला जोड. आता हे नाव म्हणजे एक डोकेदुखीच आहे, कारण आपल्याकडे फिस्टुला म्हटलं की लोकांना भगंदर आठवतं. ऑपरेशन झालं तेव्हा यांच्या चुलत्यांचा फोन, की बसायला त्रास होतो का गं, आणि आमच्या ओळखीचे एक वैद्य आहेत ते क्षारसूत्र लावतात, एकदा दाखवून घे. मी म्हटलं काका हाताचा आहे हो. ते दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले हाताला पण होतो होय! तेव्हापासून मी सरळ हाताचं ऑपरेशन म्हणते आणि विषय संपवते.

खरं तर साधी गोष्ट आहे. मशीनला दर मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त लागतं. एवढं रक्त साधी शीर देऊ शकत नाही, आणि ज्या धमनीत तेवढा जोर असतो ती खोल असते, तिला आठवड्यातून तीनदा टोचणं परवडत नाही. मग नाडी बघतात ती धमनी आणि तिच्या शेजारची शीर ही दोघं शिवून एकत्र जोडतात. पाटाचं पाणी थेट ओढ्यात सोडल्यासारखं. धमनीचा जोर शिरेत येतो, शीर हळूहळू फुगते, भिंत जाड होते, मग ती दोन-दोन सुया सोसायला तयार होते. आणि हे शक्यतो ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हातावर करतात, म्हणजे आमच्याकडे डावा.

इथेच मला गंमत वाटते. जन्मभर या डाव्या हाताला आपण काय वागवलंय? प्रसाद उजव्या हाताने घे, पैसे उजव्या हाताने दे, गृहप्रवेशाला पाऊलसुद्धा उजवं पुढे टाक. एखाद्याला मुद्दाम बाजूला ठेवलं की आपण डावललं म्हणतो, आणि कुणाला झुकतं माप दिलं की डावं-उजवं केलं म्हणतो. माझ्या डाव्या हाताने पन्नास वर्षं काय केलं असेल तर उजवा पोळी लाटताना पोळपाट धरला, उजवा चिरताना भाजी धरली. आणि आता घरात सगळ्यात लाडावलेलं कोण तर तो. भाजीची पिशवी उजव्याने, पाण्याची बादली उजव्याने, एसटीत दांडा धरायचा तोही उजव्याने. डावा आपला मांडीवर बसून असतो, जावई आल्यासारखा.

हा हात मिळायच्या आधी अडीच महिने डायलिसिससाठी मानेत नळी होती. त्याबद्दल फार लिहीत नाही. डोक्यावरून अंघोळ नाही, पदर कायम मानेवर, आणि एकदा डायलिसिस चालू असतानाच अशी थंडी वाजून आली की दोन ब्लँकेटं घालून पण दात वाजत होते, नळीतून इन्फेक्शन. त्यामुळे फिस्टुला म्हणजे आमच्या सेंटरमध्ये प्रमोशन समजतात. "हाताने सुरू झालं का?" असं विचारतात एकमेकांना.

पण हात लगेच वापरता येत नाही, तो पिकावा लागतो. डॉक्टर मॅच्युअर म्हणतात पण मला ते अढीत घातलेल्या आंब्यासारखंच वाटायचं, रोज दाबून बघायचं, झाला का, नाही अजून, ठेव परत. टेक्निशियन दादांनी सहाचा हिशोब सांगितला होता: साधारण सहा आठवडे, शीर सहा मिलीमीटर रुंद, कातडीपासून सहा मिलीमीटरपेक्षा खोल नाही, आणि मिनिटाला सहाशे मिली रक्त. तोवर रबरी बॉल दाबायचा. पोराचा जुना स्माईलीचा पिवळा बॉल मिळाला, तो मी मालिका बघताना दाबायचे, कुकरच्या शिट्ट्या मोजताना दाबायचे, फोनवर बहिणीशी बोलताना दाबायचे आणि ती काही लागेल असं बोलली की जरा जास्त जोरात. शेवटी त्या स्माईलीचं हसू पुसून गेलं पण हात पिकला.

हे सुचलं कुणाला म्हणून मी एकदा शोधून काढलं, चार तास एका जागी पडून असलं की माणूस काहीही वाचतो. १९६० च्या आधी दर डायलिसिसला नवीन रक्तवाहिनी उघडावी लागायची, म्हणजे थोड्या वेळा झालं की शरीरातल्या जागाच संपायच्या. मग १९६० मध्ये सिएटलच्या स्क्रिब्नर डॉक्टरांनी टेफ्लॉनची नळी केली, ती हातावर बाहेरच कायमची ठेवायची, पण ती तुंबायची, पिकायची (ही पिकायची दुसऱ्या अर्थाने). त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये ब्रॉन्क्सच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात ब्रेशिया आणि सिमिनो या डॉक्टरांनी नळीच काढून टाकली आणि शरीरातलीच धमनी शरीरातल्याच शिरेला जोडायचं ठरवलं, १९६६ मध्ये त्यांनी ते छापून जाहीर केलं. हे सिमिनो विद्यार्थी असताना लोकांचं रक्त काढायचं काम करायचे, म्हणजे शिरांशी जुनी ओळख. मनगटावरच्या फिस्टुल्याला अजून ब्रेशिया-सिमिनो म्हणतात. पण प्रत्यक्ष चाकू-टाके करणारे सर्जन होते ॲपेल, त्या पेपरवर त्यांचंही नाव होतं, आणि बोलताना त्यांचं नाव कोणी घेत नाही. घ्या, तिथे पण डावललंच!

बांगड्यांचं प्रकरण मात्र कोणी पेपरात लिहिलेलं नाही. फिस्टुल्याच्या हातात घट्ट काही नको, घड्याळ नको, दोरा-गंडा नको, बांगडी तर नकोच, दाब पडला की आतला प्रवाह अडतो आणि फुटून काच घुसली तर काय होईल हे सांगायलाच नको. म्हणजे माझा डावा हात भुंडा. बांगडी फुटली असंसुद्धा आपण म्हणत नाही, वाढवली म्हणतो, आणि इथे सवाष्णीचा एक हात कायमचा मोकळा. पहिल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला गेले तर तिथल्या बायका आधी हाताकडे बघायच्या मग तोंडाकडे, एकीने तर कुंकू लावता लावता हळूच विचारलं, सगळं ठीक आहे ना घरात? मला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंनी एका मिनिटात निकाल लावला. त्या आयुष्यात एवढं कडक सोवळं पाळलेल्या बाई, मला वाटलं काहीतरी शांत-बिंत सांगतील. तर म्हणाल्या, "अगं त्या हाताचा चुडा आतून वाजतोय की. तू उजव्यात डबल भर." तेव्हापासून कासारीण मावशी आली की मी एकच हात पुढे करते आणि बारा भरून घेते. ती पैसे मात्र पूर्ण घेते, म्हणते काच तेवढीच गेली की!

सुया म्हणजे सुया नाहीत त्या, दाभण आहेत. सोळा गेजच्या दोन, एक रक्त न्यायची एक आणायची. पहिल्या महिन्यात मी छताकडे बघून पंख्याची पाती मोजायचे, आता बघत बघत टोचून घेते. तिथे एक मोह असतो तो सांगून ठेवते. एकाच जागी दर वेळी टोचलं की ती जागा बधिर होते आणि दुखत नाही, मग पेशंटच म्हणतात सिस्टर तिथेच घ्या ना. पण तिथली भिंत कमजोर होऊन फुगा येतो. माझ्या शेजारच्या बेडवरच्या काकांच्या कोपराजवळ अशी दोन मोठी गाठोडी झालीत, ते कायम फुल शर्ट घालतात, मे महिन्यात पण. म्हणून जागा बदलत शिडीच्या पायऱ्यांसारखं चढत जायचं आणि वरून परत खाली यायचं. आमचे दादा त्या बाबतीत खडूस आहेत, कितीही गयावया करा ऐकत नाहीत, आणि मी मनातून त्यांना दुवा देते. चार तासांत मशीनमधून साठ-सत्तर लिटर रक्त फिरतं, अंगात असतं जेमतेम पाच लिटर, म्हणजे तेच तेच परत परत. आणि ते धुवायला एकशे वीस लिटर पाणी लागतं. मला दिवसाला प्यायला मिळतं एक लिटर!

बाकी मग पहारा. बीपी डाव्यावर नाही, रक्त डाव्यातून नाही, सलाईन डाव्याला नाही. हे आपल्या सेंटरमध्ये सगळ्यांना माहीत असतं, पण बाहेर कुठे गेलं की माहीत नसतं. डोळे तपासायला एका दवाखान्यात गेले तर तिथल्या मुलीने बोलता बोलता बीपीचा पट्टा डाव्या दंडाला गुंडाळला पण, मी एवढ्या जोरात ओरडले की वेटिंगमधली दोन माणसं उभी राहिली. तिला बिचारीला काय माहीत, ती म्हणाली काकू दुखतं का? म्हटलं दुखत नाही गं, पण तो माझ्या जिवाचा नळ आहे. घरी पण नियम झालेत. डाव्या कुशीवर झोपायचं नाही, म्हणून आम्ही पलंगाच्या बाजू बदलल्या, पंचवीस वर्षांनी, हे अजून रात्री उठले की चुकीच्या बाजूला चप्पल शोधतात. डायलिसिसला जायच्या आधी हात साबणाने स्वच्छ धुवायचा. घरी कधी टोचलेल्या जागेतून रक्त आलंच तर टॉवेल गुंडाळत बसायचं नाही, नेमक्या जागेवर बोटाने दाबून धरायचं, कारण टॉवेलखाली रक्त वाहत राहतं आणि दिसत नाही. आणि डास बसला तर? डास बसला तर फुंकर मारायची, तेवढं त्याचं नशीब.

मागच्या मे मध्ये एका लग्नात जेवले आणि रात्री जुलाब सुरू झाले, पाच-सहा वेळा जाऊन आले. साडेबाराला अंथरुणावर पडून सवयीने हात लावला तर काही नाही. दाबून बघितलं, वर कोपरापर्यंत चाचपत गेले, स्टेथोस्कोप आणून लावला (घरात एक घेऊन ठेवलाय), काही नाही, किंवा असेल तर इतकं बारीक की मला माझीच धडधड ऐकू येत होती. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. डॉक्टरांनी बजावून ठेवलंय की थरथर गेली तर सकाळची वाट बघायची नाही, गुठळी ताजी असताना काही करता येतं. यांनी स्कूटर काढली, मी मागे बसून रस्ताभर हाताला बोलत होते, अरे चार वर्षं सांभाळलं रे तुला, असं काहीतरी. मिरजेत एक बरं आहे, गल्लीगल्लीत हॉस्पिटल. बीपी नव्वदच्या खाली गेलेलं. सलाईन लावलं, उजव्या हाताला, आणि डॉक्टरांनी ते लहान डॉप्लर मशीन डाव्यावर ठेवलं, आधी नुसती खरखर, मग लांबून आल्यासारखं सुं... सुं... सुं. बीपी वर येत गेलं तसा आवाज भरत गेला. गुठळी नव्हती, पाणीच कमी पडलं होतं अंगात. ज्या बाईला चार वर्षं पाणी कमी पी म्हणून ओरडतात तिला त्या रात्री पाणी कमी पडलं म्हणून ओरडले.

त्या आवाजावरून शेवटचं. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून जवळच, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं, पण आम्हाला ते भोपळे आणि लाखेचा वास लहानपणापासून ओळखीचा. ओळखीचे एक चाचा आहेत, सत्तरीचे, अजून जवारी काढतात. जवारी म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून घासून अशी करायची की तार नुसती टण् न वाजता गुंजत राहिली पाहिजे, मग तिच्याखाली दोरा सरकवून ती नेमकी जागा शोधायची. परवा पोराच्या गुरुजींचा तंबोरा आणायला गेले होते. चाचांनी हाताकडे बघून विचारलं हे काय झालंय पोरी. सांगितलं, आणि म्हटलं लावून बघा हात. त्यांनी आधी बोटं ठेवली, मग सरळ मान खाली घालून कान मनगटाला टेकवला, तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकवतात तसा. बराच वेळ. दुकानातला पोरगा पॉलिश करायचा थांबला.

"खर्ज आहे," चाचा म्हणाले. "चांगला लागलाय."

मी म्हटलं चाचा, डॉक्टर पण तेच म्हणतात, आवाज खाली आणि सलग पाहिजे, बारीक शिट्टीसारखा झाला की समजायचं आत कुठेतरी वाट अरुंद झालीय.

"मग बरोबर," ते म्हणाले, "सूर चढला तर माझ्याकडे येऊ नको बरं का, मी घासून देईन." आणि तंबोरा माझ्यापुढे धरला. मी सवयीने दोन्ही हात पुढे केले तर त्यांनी तो मागे घेतला आणि पोराला हाक मारली, जा रे, वहिनींबरोबर घरापर्यंत घेऊन जा.