एक जादा

सोमवारी दुपारी बारा वाजायला वीस मिनिटे कमी असताना आमच्या कार्यालयात एक मुलगी लिपिक-टंकलेखक म्हणून रुजू झाली. हातात प्लॅस्टिकचे जाड फोल्डर, केसांना घाईत घातलेली वेणी, आणि मागे दारापाशी, आत यावे की बाहेरच थांबावे या विवंचनेत उभे असलेले तिचे वडील. पहाटेची पहिली एसटी पकडून दोघे निघाले होते, कारण बाराच्या आत अहवाल दिला की त्यावर ‘म.पू.’, म्हणजे मध्यान्हपूर्व, अशी नोंद होते आणि पगार त्याच दिवसापासून सुरू होतो, एवढे त्यांना कोणीतरी नीट सांगितलेले होते. मी अहवाल घेतला, शिक्का मारला, तिला समोरच्या खुर्चीवर बसवले आणि कागद काढायला सांगितले. यात विशेष काही नाही. गेली अकरा वर्षे मी आस्थापना शाखेत आहे आणि माणसे रुजू करून घेणे व कार्यमुक्त करणे हेच माझे काम आहे.

विशेष घडले ते चार वाजता. चहावाला किटली आणि काचेच्या पेल्यांची जाळी घेऊन आला, त्याने नेहमीप्रमाणे दारातूनच टेबलांवर नजर फिरवली आणि मला विचारले, “मॅडम, आज एक जादा का?”

‘जादा’ हा शब्द माझ्या मनात उगाच अडकून बसला. ती मुलगी तेव्हा नामनिर्देशनाचा नमुना भरत होती आणि तिने तो ऐकला असावा, कारण तिचे पेन क्षणभर थांबले.

आमच्याकडे नवीन माणसाचे स्वागत कसे होते, हे खरे तर त्या नमुन्यांवरूनच कळावे. पहिल्याच दिवशी आम्ही त्याला विचारतो की, तुमच्या मृत्यूनंतर पैसे कोणाला द्यायचे. १९८२ पासूनच्या गट विम्यासाठी एकदा विचारतो, निवृत्तिवेतनासाठी पुन्हा विचारतो, आणि तेवीस वर्षांचे पोर बिचारे दोन्हीकडे आईचे नाव लिहून घाम पुसते. त्यानंतर येते २००५ च्या नियमांतले लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन. लग्नाचा पत्ता नसलेल्या मुलामुलींना आम्ही गंभीर चेहऱ्याने हयात अपत्यांची संख्या लिहायला सांगतो, आणि त्यांनी कोरा सोडलेला रकाना ‘निरंक’ असे लिहून भरून घेतो. मग सेवापुस्तकाचे पहिले पान. उंची, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे आणि शरीरावरील ओळखीची खूण. ही खूण शोधताना होणारी तारांबळ मला फार आवडते. माणूस स्वतःचे हात उलटसुलट करून पाहतो, कॉलर सैल करतो, आणि शेवटी एखादा तीळ सापडला की हरवलेले पाकीट मिळाल्यासारखा हसतो. या इमारतीतल्या साठ-सत्तर माणसांचे तीळ कोठे आहेत ते मला तोंडपाठ आहे. त्यांतल्या कोण कोण बिनसाखरेचा चहा पिते, ते मात्र विचारू नका.

‘रुजू’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि मुळात त्याचा अर्थ परत येणे, वळणे असा आहे. जो कधी येथे नव्हताच तो परत कसा येईल, हे काही मला उलगडलेले नाही. रोप रुजते ते रुजणे याहून वेगळे, आपले घरचे. सेवानिवृत्तीच्या भाषणांत मात्र दोघांची हमखास गाठ घालून दिली जाते आणि टाळ्या पडतात.

मला पुष्पगुच्छाचाही राग आहे. ज्याला अजून खुर्ची नाही, टेबल नाही, खण नाही, त्याच्या हातात सेलोफेनमध्ये गुंडाळलेला, करकर वाजणारा तो गुच्छ द्यायचा आणि छायाचित्र काढायचे. नंतर तो माणूस ते धूड कडेवरच्या मुलासारखे सांभाळत दिवसभर इकडून तिकडे फिरतो. संध्याकाळी एसटीत तो गुच्छ मांडीवर घेऊन बसलेला, आणि शेजारच्याने “काय, सत्कार झाला का?” असे विचारल्यावर कानकोंडा झालेला एक तरुण मी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्याला त्या दिवशी स्वच्छतागृह कोठे आहे, हे कोणी सांगितले होते की नाही, कोण जाणे.

माझ्या लहानपणी आमचे बिऱ्हाड दर तीन-चार वर्षांनी हलत असे, कारण वडील पाटबंधारे खात्यात होते. एका जूनमध्ये आम्ही कऱ्हाडहून थेट विदर्भातल्या मेहकरला गेलो. ट्रकमध्ये सगळे आले, उखळ आले, पाटा-वरवंटा आला, आईची तुळससुद्धा डब्यात बसून आली. आले नाही ते फक्त विरजण. दोन दिवसांच्या प्रवासात त्याचे जे काही झाले, त्याचा वास पुढे कितीतरी दिवस त्या पिशवीला येत होता. दुसऱ्या दिवशी आईने माझ्या हातात वाटी दिली आणि म्हणाली, “शेजारी जा, चमचाभर विरजण माग. आणि फ्रॉक नीट कर.” मला भाषेची भीती होती. आपले मराठी आणि त्यांचे मराठी एकच असेल का, याची खात्री नव्हती. शेजारच्या मावशींनी दार उघडले, वाटीकडे पाहिले आणि मी तोंड उघडण्याच्या आत म्हणाल्या, “इरजन पायजे ना?” नवे बिऱ्हाड दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन येणार, हे त्यांना ठाऊकच होते. त्यांनी चमच्याऐवजी त्यांच्याच एका वाटीत अर्धी वाटी दही दिले. आईने दुसऱ्या दिवशी वाटी परत करताना तीत साखर घातली, कारण कोणाची वाटी रिकामी परत करायची नसते.

त्यानंतर आमच्या घरचे दही मेहकरचे झाले. वडील म्हणत की, कऱ्हाडचे दही अधिक गोड होते. ते खरे असेल किंवा नसेलही, कारण वडिलांना मागे सुटलेल्या गावाचे सगळेच अधिक गोड लागत असे. पण मला आठवतो तो पुढचा प्रसंग. श्रावणात एके संध्याकाळी त्याच मावशींची सून आमच्या दारात वाटी घेऊन उभी राहिली. मांजराने त्यांचे दुधाचे पातेले लवंडले होते आणि विरजणासाठी ठेवलेले दहीही गेले होते. आईने दिले. दार लावले, आत आली, आणि काही कारण नसताना ओट्यावरचे डबे पुसून पुन्हा ओळीने लावू लागली. कामात असताना ती कधी गुणगुणत नसे, त्या दिवशी गुणगुणत होती. आम्हाला अर्धी वाटी दही मिळाले त्या दिवशी ती फक्त “चांगली माणसं दिसतात” एवढेच म्हणाली होती.

मी स्वतः १९९८ मध्ये नोकरीला लागले, तेव्हा तीन दिवस अभ्यागतांच्या बाकावर बसून होते. टेबल रिकामे नव्हते, त्यात कोणाचा दोष नव्हता. सगळे जण सौजन्याने वागत होते. कोणी पाण्याची बाटली दिली, कोणी डब्यातली चटणी दिली, आणि मी आभार मानून मानून थकले होते. चौथ्या दिवशी समोरच्या टेबलावरचे वयस्कर नाना मान वर न करता म्हणाले, “पोरी, टाचणी आहे का गं तुझ्याकडे?” माझ्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी मी टाचण्यांची अख्खी डबी घेऊन गेले आणि पुढची चार वर्षे त्या कार्यालयात टाचणी हवी असली की माणसे माझ्याकडे येत. नानांच्या खणात टाचण्यांची स्वतःची डबी होती, हे मला त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी खण रिकामा करताना दिसले. त्यांनी मुद्दाम विचारले होते की डबी खरेच सापडत नव्हती, हे मी त्यांना विचारले नाही. त्यांचा खण पाहता दुसरी शक्यता अधिक.

दह्याची आणखी एक गोष्ट आई सांगत असे. दूध कोमट हवे, आणि एकदा विरजण लावले की भांड्याला हात लावायचा नाही. आम्ही भावंडे झाकण काढून सारखी पाहायचो, आणि सकाळी दह्याऐवजी काहीतरी चोथापाणी निघायचे. आमचे एक साहेब होते, फार भले गृहस्थ. नवीन माणूस आला की ते दर तासाला त्याच्या टेबलाशी जाऊन “काय, कसं वाटतंय?” असे विचारत. त्या पोराला काही वाटण्याइतका वेळ तरी मिळायला हवा! माझा भाचा हिंजवडीत नोकरीला लागला तेव्हा त्याला पाठीवरची पिशवी, पाण्याची बाटली, अंगात घालायचा कंपनीचा टी-शर्ट आणि सोबतीला एक नेमून दिलेला मित्र असे सगळे पहिल्याच दिवशी मिळाले. महिन्याने मी मित्राबद्दल विचारले. “मावशी, त्याचं नेमणुकीचं काम संपलं,” असे तो शांतपणे म्हणाला.

तर सोमवारी चार वाजता मी चहावाल्याला म्हटले, “जादा नाही. आता दहा आणायचे, रोज.” मुलीने वर पाहिले नाही, पण पेन पुन्हा चालू लागले. तिच्या वडिलांनाही आत बोलावून चहा दिला, तेव्हा अकरा झाले. जाताना त्यांनी मला हात जोडले. ते मला आवडले नाही, कारण मी काहीच केलेले नव्हते.

संध्याकाळी ती गेल्यावर मी चहाची वही काढली. ही वही सरकारी नाही, तिला जावक क्रमांक नाही, ती माझ्या खणात सर्वांत खाली असते, आणि दर महिन्याची वर्गणी तीत नावानिशी लिहिलेली असते. हजेरीपटावर तिचे नाव सकाळीच शेवटच्या ओळीत चढले होते. येथेही दहावे नाव लिहावे म्हणून मी पाने चाळत गेले आणि चाळता चाळता तीन वर्षे मागे पोहोचले.

त्या वर्षी मार्चच्या मध्यात एक मुलगा आमच्याकडे रुजू झाला होता. मार्चअखेर होती, देयके कोषागारात जायची होती, कोणाला मान वर करायला वेळ नव्हता. चहावाल्याने तेव्हाही दारातून विचारले होते, आणि मी आकडेमोडीतून डोके न काढता म्हटले होते, “नऊच दे, तो बाहेर गेलाय.” तो खरेच बाहेर गेला होता. पुढे तो बाहेरच टपरीवर चहा पिऊ लागला, आणि आम्ही सगळ्यांनी असे धरून चालले की त्याला टपरीचा चहा आवडतो. अकरा महिन्यांनी दुसऱ्या खात्यात निवड झाली म्हणून त्याने राजीनामा दिला. त्याचा कार्यमुक्तीचा आदेश मीच टंकित केला होता.

डाव्या मनगटावर आतल्या बाजूला तीळ. ती नोंद माझ्याच अक्षरातली. मी मार्च ते फेब्रुवारी अशी वहीची सगळी पाने दोनदा उलटून पाहिली. प्रत्येक पानावर नऊच नावे होती.