तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं मागूनही मिळालं नाही, तरी मी प्रार्थनेला का बसते

"एवढी प्रार्थना केलीत, तरी भाऊ गेलाच ना? मग अजून पहाटे उठून काय मागता?"

बँकेतल्या मैत्रिणी हे जरा चाचरत विचारतात, जेवणाचा डबा बंद करता करता. चर्चला येणं सोडलेला आमचा एक नातेवाईक मुद्दाम चारचौघांत विचारतो. आणि आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं हाच प्रश्न फिरवून आणतात: "ताई, विश्वासात कुठे काही कमी राहिलं असेल का?" पहिल्या दोघांचा मला राग येत नाही. तिसऱ्याचा येतो. प्रत्येक वेळी "प्रभूची इच्छा" एवढं बोलून मी विषय बदलत आले, आणि घरी आल्यावर मनातल्या मनात तासभर भांडत बसले. ते भांडण आता इथे करते.

धाकट्या भावाचं आजारपण बहुतेकांना माहीत आहे. स्वादुपिंडाची सूज, मग जंतुसंसर्ग, मग मूत्रपिंडं, मग व्हेंटिलेटर. नगरहून पुण्याला हलवलं. हे पुन्हा सांगत नाही. जे कोणी पाहिलं नाही तेवढंच सांगते.

आयसीयूच्या बाहेरच्या हॉलमध्ये आम्ही नातेवाईक चटया टाकून राहत होतो. एका चटईवर वहिनी आणि मी, शेजारच्या चटईवर पाथर्डीकडची एक बाई, तिचा मुलगा अपघातातला. तिच्या पिशवीत मोहटादेवीचा अंगारा होता, माझ्या पिशवीत शास्त्र, म्हणजे बायबल. ती मला भाकरी द्यायची, मी तिला थर्मासातला चहा. गार्डने दारातून बेडचा नंबर पुकारला की हॉलमधली सगळी माणसं एकदम उठून बसायची आणि ज्यांचा नंबर नसेल ती पुन्हा आडवी व्हायची.

इकडे नगरला मंडळीने साखळी प्रार्थना धरली होती. पाळकीणबाईंनी, म्हणजे पाळकांच्या पत्नीने, वहीच्या पानावर रेघा मारून दिवसरात्रीचे तास वाटून दिले आणि त्या पानाचा फोटो आम्हाला पाठवला. प्रत्येक तासापुढे एक नाव. रात्री दोन ते तीन एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा तास होता, तीन ते चार मी मागून घेतला होता. बाईंचा तास संपला की त्यांचा मेसेज यायचा, "माझा तास झाला." तो आला की मी चटईवरून उठायची आणि दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात जाऊन बसायची. तिथे दिवा नीट नव्हता, पण कोणी हटकायचं नाही.

तिथे मी काय प्रार्थना केली ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" असं मी म्हटलं नाही. उपासनेत म्हणतो तसं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणत होते, "याला नेऊ नकोस. मी इथून उठणार नाही." त्या दिवसांत त्याची बोटं इतकी सुजली होती की नर्सने लग्नाची अंगठी कापून काढली आणि गॉजच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. वहिनीला ती पाहवेना, म्हणून ती माझ्याकडेच राहिली. जिन्यात बसले की मी ती मुठीत धरायची. कापलेल्या जागी सोन्याची कड धारदार झाली होती आणि ती तळहाताला लागायची.

एका संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, थोडी लघवी होते आहे, चांगलं चिन्ह आहे. त्या रात्री मला खात्री वाटली. नुसती आशा नव्हे, खात्री. रविवारी मंडळीपुढे उभं राहून, देवाने ऐकलं अशी साक्ष कशी द्यायची, त्यातलं पहिलं वाक्यही मी मनात जुळवून ठेवलं. हा भाग मला सगळ्यात जास्त दुखतो. कारण ती खात्री आणि आज मला पहाटे कधी कधी जी खात्री वाटते, त्या दोन्हींची चव सारखीच होती. त्यांच्यात फरक कसा ओळखायचा, हे मला सांगता येत नाही.

दुसऱ्याच रात्री त्याचं बीपी उतरत गेलं. गार्डने आमचा नंबर पुकारला. वहिनी आत गेली, मग मी. दोनच्या सुमाराला सगळं संपलं होतं. आम्ही कोणालाच कळवलं नव्हतं, सही कुठे करायची तेवढंच ऐकू येत होतं. आणि तीन वाजता माझा फोन वाजला. "माझा तास झाला." बाई तासभर माझ्या भावाच्या जिवासाठी गुडघ्यावर होत्या आणि तो तासभरापूर्वीच गेलेला होता. मी तो मेसेज पाहिला आणि सवयीने जिन्याकडे चालायला लागले. वहिनीने हाक मारली तेव्हा थांबले.

त्या बाईंचा तो तास कुठे गेला? मला प्रश्न विचारणाऱ्यांनी निदान हा विचारावा. तुमच्या प्रश्नापेक्षा हा अवघड आहे, आणि तो मी देवाला रोज विचारते.

पाथर्डीच्या बाईंचा मुलगा वाचला. निघताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. मला तिचा हेवा वाटला नाही, हे खरं आहे. पण कोणी यातून धर्माधर्माचा हिशेब काढायला लागलं की मी तिथून उठून जाते.

दफनविधीनंतर बाहेरगावचा एक प्रचारक घरी भेटायला आला. तो कोण, कुठला, ते लिहीत नाही. आईच्या समोर बसून म्हणाला की पूर्ण विश्वासाने मागितलं असतं तर प्रभूने नाकारलंच नसतं, कुटुंबात कुठेतरी फट असणार. लूकच्या शुभवर्तमानातल्या 18व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातली, म्हणजे बोधकथेतली, विधवा त्याने पुढे केली. अन्यायी न्यायाधीशाच्या दारात ती खेटे घालत राहिली आणि शेवटी तिला न्याय मिळाला. तुम्ही दमलात, ती दमली नाही, असा त्याचा रोख होता.

मी त्याला चहा दिला. बोलले काहीच नाही. जे बोलायला हवं होतं ते आज बोलते. तो दाखला नीट वाचा. न्यायाधीश देवासारखा आहे असं येशू म्हणतच नाही. देवाला न भिणारा, माणसाची पर्वा नसलेला असा माणूससुद्धा शेवटी ऐकतो, तर देव किती अधिक ऐकेल, असा तो युक्तिवाद आहे. खेटे घालून देवाला जेरीस आणायची युक्ती त्यात शिकवलेली नाही. आणि दाखल्याचा शेवट विधवेच्या विजयावर होत नाही, येशूच्या प्रश्नावर होतो: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? ज्याने हा दाखला सांगितला त्यानेच गेथशेमाने बागेत, धरला जाण्याआधी, हा दुःखाचा प्याला टळो असं तीनदा मागितलं, आणि प्याला टळला नाही. त्याच्या विश्वासात कोणती फट होती?

आता दुसरी बाजू. पंचविशीत मी युवक शिबिरांत बोलायची. "मागा म्हणजे तुम्हाला दिले जाईल, शोधा म्हणजे तुम्हाला सापडेल, ठोका म्हणजे तुमच्यासाठी उघडले जाईल." मत्तयाच्या 7व्या अध्यायातलं हे वचन मी फळ्यावर लिहायची आणि मुलांना सांगायची की अर्धवट ठोकणाऱ्याला दार उघडत नाही. ती मुलगी आज माझ्यासमोर उभी राहिली तर मी तिला काय सांगेन? "तुला काही कळत नाही" असं म्हणावंसं वाटतं. पण ती लगेच विचारेल, "मग तू अजून का ठोकतेस?" आणि तिचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही. जीव ओतून शोधायचं असतं, यात ती आणि मी एकच आहोत. दाराआड काय मिळणार, याबद्दल ती जेवढ्या आवाजात बोलायची, तेवढा आवाज माझा आता निघत नाही. तिच्याकडे काहीतरी होतं जे माझ्याकडे नाही, असंही कधी कधी वाटतं.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या 29व्या अध्यायातलं एक वचन मला दर आठवड्याला कोणी ना कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, फुलांच्या चित्रावर. देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, ते. त्याच्या आधीची ओळ कोणी पाठवत नाही. तो अध्याय म्हणजे यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे, आणि त्यात साफ सांगितलंय की परत यायला 70 वर्षं लागतील. तिथे घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बहुतेक यरुशलेम पुन्हा न पाहताच मेले असणार. आणि त्याच पत्रात, दोनच ओळी पुढे, मला पूर्ण मनाने शोधाल तर मी तुम्हाला सापडेन, असं वचन आहे. मी सापडेन. घर, शहर, माणूस परत मिळेल तेव्हा मिळेल, पण मी सापडेन, आणि तेही तिथेच, बाबेलात. यावर मी जगते आहे. पण खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. मला देवही हवा होता आणि भाऊही. फक्त देव हवा होता, असं म्हणणाऱ्यांइतकी मी मोठी नाही, आणि तसं म्हणायला लावलेलं मला आवडत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी वारंवार देते, म्हणून घरचे वैतागतात. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटायला आणखी आठेक वर्षं जावी लागली. एवढी विदुषी, एवढ्या उलथापालथीतून गेलेली, आणि बाप्तिस्म्यानंतरही शोधतच राहिली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठी आध्यात्मिक जागृती झाली, त्याआधी कित्येक महिने तिथल्या मुली रोज एकत्र जमून प्रार्थना करत होत्या. हे सगळे सांगतात. पुढचं कमी लोक सांगतात. मनोरमाबाई, त्यांची एकुलती एक मुलगी, 1921 मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाईंनी तिच्यासाठी मागितलं नसेल असं कोण म्हणेल? तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांच्या हातात होतं. ते काम त्यांनी सोडलं नाही आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. रमाबाईंच्या विश्वासात फट होती, असं त्या प्रचारकाने केडगावला जाऊन सांगावं.

शास्त्रातल्या दावीद राजाची गोष्टही मला कोणी ना कोणी सुनावतं. मूल आजारी असताना तो सात दिवस जमिनीवर पडून उपास करत होता, मूल गेल्यावर उठला, अंघोळ केली, परमेश्वराच्या मंदिरात गेला, मग जेवला. चाकरांना कळेना की हे काय. म्हणजे तुमचाच प्रश्न, फक्त उलटा. मला ही गोष्ट पचत नाही. एक तर तिथे दावीदाचा अपराध होता, आणि भावाच्या मरणाला मी कोणाचा अपराध जोडू देणार नाही. दुसरं म्हणजे इतक्या लवकर उठणं मला जमलं नाही. बरेच महिने मी पहाटे उठायची, दिवा लावायची, स्तोत्र 88 उघडायची आणि ते वाचून शास्त्र मिटायची. स्वतःचा एक शब्द बोलायची नाही. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाला स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. ते शास्त्रात ठेवलंय, यासाठी मी देवाची ऋणी आहे.

मग पुन्हा बोलायला कशी लागले? तुम्हाला इथे काहीतरी घडलेलं हवं असतं, एखादं स्वप्न, एखादी वाणी. तसं काही झालं नाही. एका पहाटे मी भांडायला लागले, एवढंच. ज्याच्यावर चिडले होते तो तिथे आहे, हे मी न ठरवताच गृहीत धरलं होतं. तेव्हापासून बोलणं चालू आहे. बहुतेक दिवशी पलीकडून काही येत नाही. काही दिवशी येतं, आणि ते आलं की खोलीत कोणीतरी असल्याचं मला जितकं स्पष्ट कळतं, तितकं समोर बसलेल्या माणसाचंही कळत नाही. ते मनाचे खेळ आहेत, असं तुम्ही म्हणाल. जिन्यातल्या त्या खात्रीचा अनुभव घेतल्यावर मी तुम्हाला ठामपणे नाही म्हणू शकत नाही. तरी मी उद्याही उठणार आहे, कारण जे येतं ते मला हवं आहे, आणि ते हवं असणं कमी होण्याऐवजी वाढलंय.

आमच्या बँकेच्या शाखेतले एक जण दरवर्षी वारीला जातात. त्यांनी मला कधीच विचारलं नाही की काय मिळतं. एकदा फक्त म्हणाले, "ताई, तुमचं चालू आहे ना?" मी हो म्हटलं. ते पुरे होतं.

भाची आता मोठी झालीय. मध्यंतरी तिने विचारलं, "आत्या, पप्पांसाठी इतक्या लोकांनी केलेलं सगळं वाया गेलं का?" मी तिला म्हटलं, वाया गेलं असं मी मानत नाही, पण कुठे गेलं ते मला माहीत नाही. तिला उत्तर आवडलं नाही. मलाही आवडलेलं नाही. ती कधी पहाटे माझ्याजवळ येऊन बसते, कधी महिना महिना येत नाही. मी बोलवत नाही आणि हटकतही नाही.

तेव्हा मला हवं ते विचारा. काय मागता विचारा, काय मिळालं विचारा, वेडेपणा आहे म्हणा, मी बसून ऐकेन. पण विश्वास कमी पडला होता का, हे माझ्या वहिनीला आणि त्या मुलीला विचारायला जाऊ नका. त्यासाठी आधी माझ्याकडे या. या वेळी मी नुसता चहा देऊन गप्प बसणार नाही.