पेटीवरचे दोन

दुपारचे साडेचार झालेत आणि चौकातल्या लाल टपालपेटीवर अजून दोनच वाजलेले आहेत. पेटी यापुढे किती वाजता उघडणार ते सांगणारी पत्र्याची छोटी पट्टी दारावरच्या खिडकीत असते, तिच्यावरचा हा ‘२’. सावली पेटीच्या या बाजूची त्या बाजूला गेली, पट्टी मात्र जागची हललेली नाही.

गंमत म्हणजे ही पट्टी बाहेरून बदलताच येत नाही. आधी कुलूप काढायचं, दार उघडायचं, पत्रं थैलीत ओढायची, मग दाराच्या आतल्या खाचेतली पट्टी काढून पुढच्या वेळेची सरकवायची आणि दार लावायचं. म्हणजे पट्टी बदलली तर पेटी खरोखर उघडली होती, याचा पुरावा भर रस्त्यात टांगलेला. कुणाला विचारायला नको, फोन नको, अर्ज नको. अर्थात पट्ट्या हरवतात. चारपैकी तीन हरवल्या की उरलेली एक खिडकीत कायमची मुक्कामाला येते आणि पेटीवर वर्षभर तेच वाजलेले राहतात. पावसाळ्यात खाच गंजून पट्टी आत धरली जाते, ते वेगळंच. आता पुष्कळ पेट्यांच्या आत बारकोडचा कागद चिकटवलेला असतो. पोस्टमनने तो मोबाइलवर स्कॅन केला की वेळ वरच्या कार्यालयात नोंदली जाते. साहेबाला कळतं, पत्र टाकायला आलेल्या माणसाला पेटीकडे बघून कळत नाही. सुधारणा म्हणायची ती हीच असेल, तर जुना पत्रा काय वाईट होता?

असाच पत्रा एसटीलाही होता. ड्रायव्हरच्या काचेआड उभी केलेली गावाची पाटी. कंडक्टरने ती उलटी केली की गाडी परतीला लागली, असं लांबूनच कळायचं. आणि त्या पाटीवर गावाच्या नावाखाली ‘मुक्काम’ असेल, तर तिचा रुबाबच निराळा.

मुक्कामी गाडी म्हणजे रात्री साडेआठ-नऊला शेवटच्या गावात येऊन तिथेच झोपणारी आणि पहाटे तालुक्याला निघणारी. तिचं सगळं तंत्र त्या झोपण्यात आहे. गावात गाडी वळवायला जागा लागते. कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवत, पत्र्यावर थापा मारत ती मागे घेतो. अनुभवी ड्रायव्हर तिला तोंड उताराकडे करून लावतो, कारण पहाटेच्या थंडीत बॅटरीने मान टाकली तर चार जणांच्या धक्क्यावर गाडी सुरू झाली पाहिजे. चालक-वाहकांना खोली, पाणी आणि दिव्याची सोय गावाने करायची. ती नसेल तर देवळाची ओसरी, तीही नसेल तर गाडीतलंच मागचं लांब बाकडं. ओढ्यावरची मोरी खचली, बाभळीची फांदी काचेला लागायला लागली, किंवा वळायच्या जागेत कुणी विटा रचल्या, की गाडी अलीकडच्या गावापर्यंतच येते. पहिले काही दिवस ‘तात्पुरती’ म्हणून.

आगारातला हिशेब मात्र विटांचा नसतो, भारमानाचा असतो, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या याचा. रात्री गावाकडे जाणारी फेरी जवळजवळ रिकामी: दोन मास्तर, बाजार करून परतणारी एक म्हातारी आणि वर्तमानपत्रावर डोकं ठेवून झोपलेला कुणीतरी. पहाटेची फेरी मात्र कोंबलेली: पासवाली कॉलेजची पोरं, दुधाच्या किटल्या, कोर्टाची तारीख असलेला, सरकारी दवाखान्यात नंबर लावायला निघालेला. कागदावर दोन्ही फेऱ्या वेगवेगळ्या मोजल्या, तर रात्रीची ‘तोट्यातली’ ठरते आणि कुणीतरी ती काटतो. दुसऱ्या दिवशी पहाटे गावात गाडीच नसते, कारण गाडी रात्री आलेलीच नसते! मग पोरं वडापच्या खासगी जीपला लोंबकळतात, काही दिवसांनी पहाटेचंही भारमान ‘घसरलं’ अशी नोंद होते आणि कागद बरोबर ठरतो. आगारातून पहाटे चारला रिकामी गाडी पाठवायची म्हटली, तर तेवढंच डिझेल जाऊन उत्पन्न शून्य. म्हणून मुक्काम हाच त्यातला स्वस्त मार्ग. हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही; कुठलाही जुना वाहतूक नियंत्रक सांगेल.

सेवा की धंदा, हे कायद्यालाही नीट ठरवता आलेलं नाही. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला धावली; मग १९५० मध्ये रस्ता वाहतूक महामंडळांचा कायदा आला. त्याचं कलम १८ म्हणतं, कार्यक्षम, पुरेशी आणि किफायतशीर सेवा द्या. कलम २२ म्हणतं, कारभार धंद्याच्या तत्त्वांवर चालवा. दोघांच्या मध्ये तीनच कलमं आहेत; मुक्कामी गाडीला तेवढ्या जागेत वळायचं असतं.

मग सवलती. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. राहिलेले पैसे राज्य सरकारने महामंडळाला द्यायचे. म्हणून पंचाहत्तरीच्या आजोबांनाही शून्य रुपयांचं तिकीट फाडून घ्यावंच लागतं. ‘फुकट आहे तर कागद कशाला?’ हा वाद दर टप्प्याला होतो. त्या शून्याच्या कागदांवरच सरकारकडे मागायची रक्कम ठरते, हे कंडक्टर सांगतो. आजोबा कागदाची सुरळी करून कानात घालतात. सरकारकडून ती रक्कम वेळेवर आली नाही, की पहिली झळ टायरांना आणि सुट्या भागांना लागते, आणि दुसरी त्याच रात्रीच्या फेरीला.

पोस्टकार्डाचीही तीच गत. १८७९ मध्ये पाव आण्याला निघालेलं कार्ड आज ५० पैशांना आहे. आठ आण्यांचं नाणं बाजारात कुणी घेत नाही, त्यामुळे मुळात कार्डं घ्यायची ती दोन, नाहीतर काउंटरवर हिशेब जुळत नाही. ते कार्ड गल्लीपलीकडे जावो की गडचिरोलीहून कारगिलला, किंमत तीच. एवढ्या लांबचा खर्च त्या आठ आण्यांत निघत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. ते बघितलं असतं तर कार्ड कधीच बंद पडलं असतं.

फक्त पत्ता नीट लिहावा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आणला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी; डाकतार खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. सहा आकडे, मधली यती तिसऱ्यावर. पहिल्या तिघांत विभाग, उपविभाग आणि छाटणीचा जिल्हा, शेवटच्या तिघांत वाटप करणारं पोस्ट. शेवटचे तीन चुकले तर पत्र शेजारच्या पोस्टात जाऊन एक-दोन दिवसांत परत वाटेला लागतं. सुरुवातीचे चुकले तर मात्र सहल. पुण्याच्या ४११ चे आकडे घाईत पुढेमागे होऊन १४१ झाले, की पत्र आधी लुधियानाची हवा खाऊन येतं. आणि तिकीट कमी लावलंत तर बेअरिंग: जितके पैसे कमी, त्याच्या दुप्पट ज्याला पत्र लिहिलं त्याच्याकडून वसूल. लिहिणाऱ्याचा कंजूषपणा वाचणाऱ्याने भरायचा. नात्यांतलं राजकारण खात्याला पहिल्यापासून ठाऊक असावं.

टपाल केंद्राचं, एसटी राज्याची. प्रत्यक्षात दोघं वर्षानुवर्षं पाराजवळ भेटत आले. शाखा पोस्टाची कॅनव्हासची थैली, तोंडाला सुतळी, सुतळीवर लाखेचं सील. आत पत्रं, मनीऑर्डरींची रोकड आणि रोकड व रजिस्टर पत्रं किती याची चिठ्ठी. कंडक्टर ती खिडकीतून खाली द्यायचा, डाकसेवक आधी सील बघायचा, मग यादीवर सही. सील फुटलेलं असेल तर थैली साक्षीदारांसमोरच उघडायची. मग रामराम, दोन घंट्या, आणि गाडी पुढे. गाडी नाही आली तर थैली नाही, थैली नाही तर म्हातारीची मनीऑर्डर नाही. मुक्कामी गाडीच्या भारमानात ती थैली कुणी धरलेली दिसत नाही. तिला बसायला सीट लागत नव्हती ना.

पाच वाजत आले. पेटीवर दोनच आहेत. हा दोन आजचा, कालचा की मागच्या दिवाळीचा, हे पट्टी सांगत नाही. तारखेची खाच तिला कधीच नव्हती. पत्र घाईचं असेल तर पोस्टाच्या आवारातल्या पेटीत टाकावं, तीच सगळ्यात शेवटी निघते. नसेल घाई, तर इथेच टाका. उघडतील.